न्हाणीचं मागचं दार

‘हो आये’ म्हणणं ही माझ्या थोरल्याची, सुमेधची, सगळ्यात वाईट खोड. दुसऱ्यांची पोरं आईला उलट बोलतात, तोंड वर करून भांडतात. भांडलं की निदान कळतं तरी पोराच्या पोटात काय आहे. हा भांडायचा नाही. मी काहीही सांगितलं की मान हलवायचा, ‘हो आये’ म्हणायचा, आणि माझी पाठ वळली की स्वतःला पाहिजे तेच करायचा. बापाचे इतके गुण होते, त्यातला एक उचलला नाही मेल्यानं. मान हलवायची तेवढी उचलली.

त्या दिवशीही तो तेच म्हणाला. जानेवारी होता. महाबळेश्वरची थंडी, गवतावरचं दहिवर गोठून मीठ सांडल्यासारखं दिसत होतं. मी शाल लपेटून न्हाणीच्या उंबऱ्यात उभी, आणि आत रज्जाक मिस्त्री छन्नी-हातोडी घेऊन बैठक मारून बसलेला. निम्मी फरशी त्यानं उखडून कोपऱ्यात रचली होती.

“सगळं कर,” मी सुमेधला म्हटलं. “टाइल लाव, गिझर लाव, तुझं ते पांढरं सिंहासन बदलून दुसरं बसव. मागच्या दाराला तेवढा हात लावायचा न्हाई.”

“हो आये.”

“आन् त्याला आतनं कडी लावायची न्हाई.”

इथं त्यानं रज्जाककडं बघितलं. रज्जाकनं छन्नीकडं बघितलं.

“आये, न्हाणीच्या दाराला आतनं कडी नाही, हे पाहुण्यांना सांगायचं तरी कसं?”

“सांगायचं कशाला? घर आपलं हाय का पावण्यांचं?”

“हो आये.”

घर आपलं म्हणजे माझं. कागदावर नाव माझं, अनसूया. हा बंगला गोऱ्या साहेबानं बांधला, त्याला म्हणे सव्वाशे वर्षं होऊन गेली. नाव त्याचं फर्नहिल, आमच्या वस्तीत सगळे ‘फन्हेल’ म्हणायचे. जांभ्या दगडाच्या दीड-दीड हात जाड भिंती, वर पत्रा, पुढं ऐसपैस व्हरांडा आणि पाच खोल्या. गावात अजून काही शहाणे सांगत फिरतात की अनसाबाईला गोऱ्या बाईनं बंगला बक्षीस दिला. बक्षीस! तेवीस वर्षं बाजारात खाणावळ चालवली, भाकऱ्या थापून तळहाताच्या रेषा पुसल्या, तेव्हा कुठं बाईनंतर बंगल्याचा मालक झालेल्या मुंबईच्या शेटनं कागदावर सही केली. मीही सही केली. दुसरी यत्ता शिकले आहे मी, अंगठा उठवला नाही.

खोल्या आम्ही उन्हाळ्यात आणि दिवाळीत पाहुण्यांना देत होतो. सुमेधच सगळं बघायचा. त्यातली मोठी खोली पूर्वी साहेबाची निजायची. तिला लागून ही न्हाणी. न्हाणीला दोन दारं: एक खोलीत उघडायचं, दुसरं घराच्या पाठीमागं, बाहेर. बाहेरच्या दारापासून दहा पावलांवर आमचं चुलखंड, तिथं बंब. खोलीत पाहुणे नसले की मी तिथंच अंघोळ करायची. बंबातलं पाणी बादलीत काढायचं, दहा पावलं चालायचं, दार ढकलायचं की आत. पावसाळ्यात इथं भिंती भिजून फुटू नयेत म्हणून घराला चौफेर गवताच्या झड्या बांधतात. त्या झडीतून वाट काढत जायचे, पण जायचे तिथूनच.

करुणा, माझी सून, शाळेत शिकवते. शिकवणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय राहवत नाही. ती एकदा म्हणालीच, “आई, खोलीतून या ना. एवढा वळसा कशाला?”

“बंब मागं, न्हाणी मागं,” मी म्हटलं, “मग बादलीची मिरवणूक दिवाणखान्यातनं काढू का? ताशा लाव मग म्होरं.”

ती हसली आणि गप्प बसली. तिचा तो गुण चांगला आहे.

तर त्याआधीच्या दिवाळीत घोटाळा झाला. पुण्याचे कुणी साहेब, नोकरीतून निवृत्त झालेले, पहाटेच्या गाडीनं आले आणि सुमेधनं त्यांना मोठी खोली दिली. मला कुणी सांगितलं? कुणी नाही. मी आपली रोजच्यासारखी बादली घेऊन गेले, दार ढकललं, तर साहेब पांढऱ्या भांड्यावर बसून पेपर वाचताहेत. मला बघून त्यांनी पेपर तोंडावर धरला. धरायला पाहिजे होता दुसरीकडंच.

“बसा, बसा,” मी म्हटलं. “घाई न्हाई मला.”

दोन दिवस राहायला आलेले साहेब त्याच दुपारी निघून गेले. तेव्हापासून सुमेधनं न्हाणीचा ध्यास घेतला. मे महिन्याच्या आत नवी न्हाणी झाली पाहिजे. सगळं पांढरं पाहिजे, चकाचक पाहिजे.

आणि ती न्हाणी काही होईना.

पहिल्यांदा भिंत नडली. नळ भिंतीच्या आतून न्यायचे, असं सुमेधचं म्हणणं. रज्जाकनं यंत्र लावलं, अर्धा दिवस घरभर घुर्रघुर्र चाललं, आणि शेवटी यंत्राचं पातं मोडून त्याच्या पायाशी पडलं. “आक्का, ही भिंत न्हवं,” तो म्हणाला, “ह्यो किल्ला हाय.” मग टाइला आल्या. मागवल्या पांढऱ्या, आल्या गुलाबी, वर मोर. परत पाठवल्या. पंधरा दिवसांनी पांढऱ्या आल्या, त्यांतल्या चाळीस फुटक्या. मग नवं भांडं आलं तर खोलीच्या दारातून आत जाईना. दोन माणसं ते भांडं धरून दारात आडवी-उभी होत होती आणि सुमेध पुढून ‘हळू, हळू’ करत होता. जणू नवरीच्या डोलीत नवरीच अडकली आहे.

“मागच्या दारानं घ्या,” मी म्हटलं.

मागच्या दारानं ते सुरळीत आत गेलं. मी सुमेधकडं बघितलं. तो टाइला मोजायला लागला.

सगळ्यात छळलं ते उतारानं. रज्जाकनं नवा पाइप आतल्या कोपऱ्यात नेला, तिकडं उतार दिला, वरून टाइल बसवली. बादलीभर पाणी ओतलं. पाणी दोन घटका त्या कोपऱ्याकडं बघत थांबलं आणि मग खुशाल मागच्या दाराकडं निघालं. सगळी फरशी काढली. पुन्हा घातली. पुन्हा पाणी मागच्या दाराकडं. गोऱ्यानं खालचा दगडच तसा बसवला होता. न्हाणीतलं सगळं त्या दारानं बाहेर जावं, म्हणून. तिसऱ्यांदा फरशी काढताना रज्जाकनं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. “हितं साहेबाचं भूत हाय. त्येला म्हणावं, यिऊन उतार दे.”

सहा आठवडे मी चुलखंडात, बंबाच्या बाजूला, लुगड्याचा आडोसा करून अंघोळ करत होते. स्वतःच्या पाच खोल्यांच्या बंगल्यात. कमरेत उसण भरली. घरभर सिमेंटची पांढरी भुकटी. भाकरीला भुकटी, पाण्याला भुकटी. मी चिडले की सुमेध म्हणायचा, “होईल आये, होईल.” आणि रोज कमीत कमी एकदा, काहीतरी निमित्त काढून, दारावर यायचा.

“आये, ते दार बंद केलं तर उतार आपोआप बसेल.”

“न्हाई.”

“आये, वारा येतो त्यातनं. पाहुण्यांना थंडी वाजते.”

“पावण्यांनी स्वेटर घालून बसावं.”

“आये, जुन्या बंगल्यांची जी कमिटी आहे तिचा कागद आलाय, बाहेरून दार काढता येणार नाही. मी काढत नाहीये. फक्त विचारतोय की—”

“कागदाला तरी अक्कल हाय. विषय संपला.”

“हो आये.”

मार्च लागला आणि वाईहून निरोप आला. माझी धाकटी बहीण अंगणात घसरून पडली, पाय मोडला. जाणं भाग होतं. पिशवी भरून निघताना मी न्हाणीत डोकावले. तिसरा उतार ओला होता. रज्जाक त्यावर फळी टाकून बसला होता.

“सुमेध, दाराला—”

“हात लावत नाही, आये. तुझी शप्पथ.”

शपथ घेतली म्हणून मी निर्धास्त गेले. चूक माझीच. आठ दिवस बहिणीचं हगणं-मुतणं काढलं, तिच्या सुनांना दोन चार शब्द सुनावले आणि नवव्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत आले. पसरणीच्या घाटात गाडी बंद पडली. उन्हातान्हात दोन तास उभं राहून, अंगभर धूळ आणि डिझेलचा वास घेऊन मी घरी पोचले, तेव्हा चार वाजले असतील. घरात कुणी नव्हतं. सुमेध बाजारात, करुणा शाळेत. पुढच्या दाराला कुलूप. मला कुलपाचं काय? मी थेट मागं गेले. बंब पेटवला. पाणी कढत झालं तशी बादली भरली, खांद्यावर पंचा टाकला, आणि दहा पावलं चालले.

दार ढकललं.

दार हललं नाही.

म्हटलं, लाकूड फुगलं असेल. सिमेंटच्या ओलीनं फुगतं. बादली डाव्या हातात घेतली आणि उजवा खांदा लावला. काही नाही. जरासुद्धा नाही. आणि मग माझ्या हातानं बादली खाली ठेवली. मी ठेवली म्हणता येणार नाही, हातानंच ठेवली. बाहेरच्या दगडावर ठक्क आवाज झाला, आणि मी पदर सारखा करून, दारापासून एक पाऊल मागं सरून, उभी राहिले.

त्याचं कारण असं.

मी लग्न होऊन आले पंधराव्या वर्षी. तेव्हा या बंगल्यात एक म्हातारी गोरी बाई राहायची, मिस साहेब. तिचे लोक सगळे गेले तरी ती मागं राहिली होती. माझा सासरा तिचा माळी. माझी सासू रोज सकाळी या दारानं आत जायची आणि बाईच्या शौचाच्या पेटीतलं भांडं उचलून बाहेर आणायची. मी आल्यावर मला पाण्याचं काम लागलं. चुलखंडातून रॉकेलच्या दोन डब्यांत कढत पाणी आणायचं, या दारापर्यंत. दार आतून कडीबंद. हाक मारायची नाही, खाकरायचं नाही, दारावर थाप मारायची तर नाहीच नाही. सासूनं पहिल्या दिवशी शिकवलं: डबा दगडावर ठेवायचा, त्याचा आवाज होतो, तो आत कळतो. मग एक पाऊल मागं यायचं आणि उभं राहायचं. बाई आतून कडी काढायची, खोलीत जायची, खोलीचं दार लावून घ्यायची. ते दार लागल्याचं ऐकलं की मग आपण आत शिरायचं. पाणी ओतायचं, बाहेर पडायचं. दोन्ही दारं एका वेळी कधी उघडी नसायची. सात वर्षं मी त्या बाईला पाणी घातलं, आणि त्या न्हाणीत तिचं तोंड एकदाही बघितलं नाही. कडीचा आवाज तेवढा ओळखीचा.

तो आवाज एकोणसाठाव्या वर्षी मी पुन्हा ऐकायला उभी होते. मला कळत होतं की या घरातून त्या बाईला जाऊन चाळीसभर वर्षं होत आली, मालकीण मी आहे. डोक्याला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बादलीवरची वाफ गेली.

“आई? अहो आई, केव्हा आलात? आणि इथं काय करताय?” करुणा शाळेतून आली होती. खांद्यावर वह्यांची पिशवी.

“कडी निघायची वाट बघतेय,” मी म्हटलं.

“कडी?” ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “आई, या दाराला कडी कुठंय?”

मग मी जागी झाले. दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. तिला डोळा लावला. आत उजेड नव्हता. लालसर वीट होती, आणि तिच्या कडेनं बाहेर आलेलं, अजून ओलसर, सिमेंट.

“तुला ठावं हुतं?” मी करुणाला विचारलं.

“हे म्हणाले, आईंना सांगून केलंय.” तिचं तोंड एवढंसं झालं. “आई, खरंच सांगून नाही केलं?”

मी पुढच्या दाराकडं वळले. तिनं पुढचं कुलूप काढलं. मी व्हरांडा चढले, दिवाणखाना ओलांडला, साहेबाच्या खोलीतून गेले आणि खोलीचं दार उघडून न्हाणीत उभी राहिले. खोटं कशाला बोलू, न्हाणी छान झाली होती. पांढरी शुभ्र. भिंतीला गिझर, त्याला लाल दिवा. जिथं दार होतं तिथं आरसा लावला होता. आरशात एक धुळीनं माखलेली म्हातारी उभी होती, खांद्यावर पंचा घेऊन. फरशीवर मी नळ सोडून बघितला. पाणी सरळ आतल्या कोपऱ्यात गेलं.

तेवढ्यात बाहेर सुमेधचा आवाज आला. बाजारातून रज्जाकला सोबत घेऊन आला होता. शेवटची टाइल बसवायची राहिली होती म्हणे. मला बघून तो दारातच थांबला, आणि मग हसायला लागला. लहानपणी शाळेतून बक्षीस आणलं की हसायचा तसा.

“आलीस? बघितलंस का, आये?” त्यानं आत येऊन गिझरची कळ दाबली. “ही दाबली की दहा मिनिटांत कढत पाणी. आता बंब नको, बादली नको.”

“दार कुठंय?”

“आहे की. बाहेरनं बघ जा, खिळासुद्धा हलवला नाही. दाराला हात लावलाय का मी?”

“आन् आतनं?”

“आतनं... उतार बसत नव्हता, आये. विचार रज्जाकला.”

“माझ्याकडं बघू नका आक्का,” रज्जाक म्हणाला. त्यानं टाइल खाली ठेवली. “उतार मी तुम्ही वाईला ग्येला त्याच्या दुसऱ्या दिवशीच बसवला हुता. इटा दादा म्हणले म्हणून लावल्या. मी म्हणलं, आक्कांना यिऊ द्या.”

“रज्जाक, तू जरा बाहेर थांब.”

“रज्जाक, तू हितंच थांब,” मी म्हटलं.

रज्जाक थांबला. करुणा दारात वह्यांची पिशवी तशीच खांद्यावर घेऊन उभी. सुमेधनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो ‘हो आये’ म्हणाला नाही.

“हो, मी लावल्या,” तो म्हणाला. “मुद्दाम लावल्या. मला बघवत नाही. या घराची मालकीण तू, आणि रोज सकाळी हातात बादली घेऊन भांडंवालीच्या दारानं आत शिरतेस. आजीचं गेलं त्यात आयुष्य, तुझं गेलं. अजून किती दिवस? बंगला घेतला पण तुझ्या डोक्यातनं ती गोरी बाई काही गेली नाही. तू स्वतः ते दार सोडणार नव्हतीस म्हणून बुजवलं. आता येशील खोलीतनं. ताठ मानेनं. तुझ्यासाठी केलं मी हे, आये.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझंही मन जरा हललं. म्हटलं, पोरगं खोटं बोलत नाही. दहा मिनिटांपूर्वी मी कशी उभी होते ते मला माहीत होतं.

“त्या दाराला आतनं कडी का न्हाई, इचारलंस कधी?” मी म्हटलं.

“शंभर वेळा विचारलं.”

“लाव म्हणून इचारलंस. का न्हाई, ते न्हाई इचारलंस.”

तो आरशाकडं, जिथं दार होतं तिकडं, बघायला लागला.

“तू पोटात हुतास. सातवा महिना. आखाडातला पाऊस, झडीतनं पाणी गळतंय, आन् मी दोन डबे घिऊन दारात. डबा ठेवला. कडी निघंना. सासू म्हणली, हुबी ऱ्हा, बाई निजली आसंल. मी हुबी. सकाळची दुपार झाली. पायाला सूज, पोटात तू लाथा घालतोस. मग कडी निघाली, खोलीचं दार लागलं, मी आत ग्येले, पाणी वतलं, बाहेर आले. आन् दाराच्या पल्याडनं बाई म्हणली, हे तर गार हाय. मी डबे उचलले, पुन्हा तापवून आणलं. पुन्हा दगडावर ठेवला. पुन्हा हुबी.”

रज्जाकनं डोक्यावरची टोपी काढली.

“सही झाली त्या दिवशी तुम्ही सगळी पुढं पेढं वाटत हुता. मी हितं आले. पक्कड आणली, आन् कडी उपटून काढली. पहिलं काम त्ये. भंगारवाल्याला दिली. मग बाहेर ग्येले, बादली भरली, आन् दार ढकललं. डबा न ठेवता. कुणाची वाट न बघता. त्ये उघडलं. तेरा वरसं रोज उघडतंय, सुमेध. तुला त्यात मोलकरीण दिसली. त्या दारानं मी रोज मालकीण हुत हुते.”

“मला काय माहीत, आये?” तो पुटपुटला. “तू सांगितलं असतंस तर...”

“सांगायची गोष्ट हाय व्हय ती?”

त्यानं मान खाली घातली. तिथंच मी थांबले असते. पण एक गोष्ट मला खटकत होती. तेरा वर्षं त्यानं मला त्या दारानं जाताना बघितलं; इतक्या वर्षांत नाही दुखलं, आणि आताच इतकं दुखलं की शपथ मोडावी?

“दिवाळीत त्यो पुण्याचा सायेब ग्येला,” मी विचारलं, “जाताना काय म्हणला तुला?”

“काही नाही.”

“सुमेध.”

“कडीचंच बोलला.”

“आनखी?”

त्यानं करुणाकडं बघितलं. करुणानं मदत केली नाही.

“म्हणाला...” सुमेधनं आवाज बारीक केला. “म्हणाला, ती मागच्या दारानं आलेली बाई किती वर्षं आहे तुमच्याकडं कामाला?”

“बरं. आन् तू काय सांगितलंस?”

“आये, जाऊ दे ना आता.”

“काय सांगितलंस?”

गिझरचा लाल दिवा विझला. पाणी तापलं असावं. सुमेध फरशीकडं बघत होता, इतक्या कष्टानं बसवलेल्या त्या उताराकडं.

“म्हटलं, बरीच वर्षं झाली.”

करुणाच्या खांद्यावरून पिशवी घसरून वह्या खाली पसरल्या. त्या उचलायला ती वाकली नाही. रज्जाक हळूच पुढं झाला. “आक्का, फोडू का भित? शिमिट अजून वलं हाय. अर्ध्या तासाचं काम.”

“तू न्हाई,” मी म्हटलं. “तुझी हातोडी दे त्याच्याकडं.”

रज्जाकनं हातोडी पुढं केली. सुमेधनं ती घेतली, आणि काय करायचं ते न कळल्यासारखा माझ्याकडं बघत राहिला. सदतीस वर्षांचा बाप्या, पण मला त्या वेळी दया आली नाही. आज इतक्या वर्षांनी ती येते कधी कधी. तेव्हा नाही आली. मी खांद्यावरचा पंचा काढून आरशावर टाकला, म्हणजे आम्हा दोघांनाही आपापली तोंडं दिसू नयेत.

“लाज तुला वाटली, सुमेध,” मी म्हटलं, “आन् इटा माझ्या दारात लावल्यास.”